थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म: अंदाजे इ.स. १५४९, बुश्टन, विल्टशायर, इंग्लंड, मृत्यू: इ.स. १६१९, गोवा) हे येशूसंघाचे (जेझुइट) इंग्रज धर्मगुरू, मराठी कवी आणि कोकणी भाषेचे पहिले व्याकरणकार होते. बायबलमधील कथा ओवीबद्ध मराठीत सांगणारे 'ख्रिस्तपुराण' ही त्यांची प्रमुख रचना होय. याशिवाय कोकणीतील 'दौत्रीना क्रिस्तां' हे धर्मप्रश्नोत्तरांचे पुस्तक आणि 'आर्ति द लिंग्व कानारी' हे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या नावावर आहे. यांपैकी फक्त ख्रिस्तपुराण त्यांच्या हयातीत छापले गेले आणि नेमकी त्याचीच छापील प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे स्टीफन्स यांचे चरित्र सांगताना त्यांनी काय लिहिले, ते कोणत्या रूपात लिहिले आणि आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आले, हे प्रश्न टाळता येत नाहीत.

== नाव ==
स्टीफन्स यांचे नाव वेगवेगळ्या भाषांतील कागदपत्रांत वेगवेगळ्या रूपांत आढळते. इंग्रजीत 'स्टीफन्स' आणि 'स्टीव्हन्स' अशी दोन्ही रूपे आहेत. पोर्तुगीज पुस्तकांवर ते 'पाद्रे थॉमस इश्तेव्हांव' म्हणून येतात, तर गोव्यात येऊन गेलेला फ्रेंच प्रवासी फ्रँस्वा पिरार द लाव्हाल याने त्यांचा उल्लेख 'थॉमस एत्येन' असा केला आहे. ही सर्व एकाच आडनावाची भाषांतरे आहेत. 'बुस्टन', 'बुस्टेन' आणि 'बब्स्टन' ही रूपे मात्र आडनावापासून नव्हे, तर बुश्टन या जन्मगावाच्या नावापासून आली. येशूसंघाच्या लेखकांच्या जुन्या सूचींत ती आडनावासारखी वापरली गेल्यामुळे पुढील वाचकांना बुस्टन आणि स्टीफन्स या दोन व्यक्ती वाटण्याचा धोका निर्माण झाला.

याच काळात गोव्यात एत्येन द ला क्रुवा नावाचे फ्रेंच येशूसंघीय काम करीत होते. पोर्तुगीजमध्ये त्यांचे नाव 'इश्तेव्हांव द क्रूझ' असे होते. त्यांनीही मराठी ओव्यांत संत पीटरचे चरित्र रचले आणि ते १६२९ ते १६३४ या काळात छापले गेले. एका लेखकाचे आडनाव आणि दुसऱ्याचे पहिले नाव सारखे, संघ एक, प्रदेश एक, भाषा एक आणि छंदही एक, अशी ही स्थिती आहे. 'पाद्री इश्तेव्हांव यांचे पुराण' एवढ्याच उल्लेखावरून लेखक ठरवणे त्यामुळे सुरक्षित नाही. मराठीतील या फ्रेंच पुराणकर्त्याची वेगळी ओळख अ. का. प्रियोळकर यांनी विसाव्या शतकात अभ्यासकांसमोर ठळकपणे आणली.

== जीवन ==

=== इंग्लंड आणि रोम ===
स्टीफन्स यांचे वडीलही थॉमस याच नावाचे असून ते लंडनमध्ये व्यापार करीत. मुलाच्या शालेय शिक्षणाबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथील नोंदींतील त्याच नावाचा विद्यार्थी हाच असावा, असे काहींनी मानले आहे. त्या वेळी इंग्लंडमध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिचे राज्य होते आणि कॅथलिक पंथाचे उघड आचरण करणे धोक्याचे झाले होते. तरुण स्टीफन्स यांची मैत्री थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक सरदाराशी जमली. पाउंडचा नोकर असल्याचे सोंग घेऊन ते काही काळ त्याच्यासोबत देशात हिंडले. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते. परंतु पाउंड पकडला गेला आणि पुढे सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातील मित्राला संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि १५७८ मध्ये ती मान्य झाली.

=== गोव्याकडे ===
४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यातून स्टीफन्स भारताकडे निघाले आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी गोव्यात पोहोचले. पुढील महिन्यात त्यांनी वडिलांना एक लांब पत्र लिहिले. वारे, समुद्रप्रवाह, आकाशातील तारे, मासे, पक्षी, खलाशांना जडणारा हिरड्यांचा रोग आणि जहाजावर दगावलेले २७ जण, असे सगळे तपशील त्यात आहेत. हे पत्र रिचर्ड हॅक्लुटने १५८९ मध्ये आपल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. भारताचा सागरी मार्ग तोपर्यंत पोर्तुगिजांच्या हाती असल्याने इंग्रज व्यापाऱ्यांनी ते पत्र उत्सुकतेने वाचले असल्यास नवल नाही. भारतात स्थायिक झालेला, नावाने ज्ञात असलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख सामान्यतः केला जातो.

=== सासष्टीतील कार्य ===
गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर स्टीफन्स यांची नेमणूक दक्षिण गोव्यातील सासष्टी प्रांतात झाली आणि उरलेले बहुतेक आयुष्य त्यांनी तेथेच काढले. ही सासष्टी म्हणजे मुंबईजवळची साष्टी नव्हे. पोर्तुगीज कागदपत्रांत दोन्हींचे नाव 'साल्सेत' असेच येत असल्याने हा गोंधळ वारंवार होतो.

सासष्टीत त्या काळी परिस्थिती स्फोटक होती. पोर्तुगीज सत्तेने प्रांतातील देवळे पाडली होती आणि धर्मांतरासाठी दडपण वाढत होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती लोकांना गावकऱ्यांनी ठार केले. मृतांत मुघल बादशहा अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फो आक्वाव्हिव्हा हे होते. मृतदेह ताब्यात घेऊन आणण्याचे काम स्टीफन्स यांच्यावर पडले. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि त्यांची हत्या केली. स्टीफन्स यांचे पुढील लेखन या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. ज्या समाजाची देवळे नुकतीच पाडली गेली होती, त्याच समाजाच्या भाषेत आणि त्याच समाजाला प्रिय असलेल्या छंदात ते लिहीत होते.

त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या रिचर्ड या भावाला लॅटिनमध्ये एक पत्र पाठवले. कुंकळ्ळीच्या घटनेबरोबरच भाषांविषयी एक निरीक्षण त्यात आले आहे. येथील भाषा अनेक असून त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिन यांच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी नोंदवले. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान मूळाविषयी मांडणी केली, त्याच्या दोन शतके आधीचे हे विधान आहे. मात्र या साम्याचे कारण काय, याची चर्चा स्टीफन्स यांनी केली नाही आणि ते पत्रही दीर्घकाळ अप्रकाशित राहिले. म्हणून त्यांना तुलनात्मक भाषाशास्त्राचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

१५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबरी व त्यांचे दोन इंग्रज सोबती यांना हेरगिरीच्या संशयावरून होर्मुझ येथे पकडून गोव्यातील तुरुंगात आणण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी जामीन मिळवून देण्यात स्टीफन्स यांनी मदत केली. ज्या प्रोटेस्टंट राजवटीमुळे त्यांना स्वदेश सोडावा लागला, तिचेच हे प्रजाजन होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे सासष्टीतील येशूसंघाच्या विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी भूषवले. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात असलेल्या पिरारने या इंग्रज पाद्रीची आठवण लिहून ठेवली आहे. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

== ख्रिस्तपुराण ==
ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाची उत्पत्ती, आदाम व एवा यांचे पतन, जलप्रलय आणि यहुदी लोकांचा इतिहास येतो; दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ असे एकूण ९५ अध्याय असून त्यांना 'अवस्वरू' म्हटले आहे. ओव्यांची संख्या जवळजवळ ११ हजार भरते.

ग्रंथाची चौकट पुराणांना शोभेल अशी संवादाची आहे. सासष्टीतील चर्चमध्ये नवख्रिस्ती लोकांना पाद्री शिकवत असता एक ब्राह्मण त्यांना विचारतो, की पूर्वीची पुराणे वाचण्यास आता मनाई झाली, तर आम्ही वेळ कशात घालवावा. आमच्यासाठी तशीच रचना का करू नये? पाद्रींना ही सूचना पटते आणि कथन सुरू होते. हा प्रसंग प्रत्यक्ष घडला असो वा काव्याची सोय म्हणून योजला असो, त्यातील अडचण खरी होती. धर्म बदलला तरी देवळातील पुराणश्रवणाची सवय आणि ओवीची गोडी लोकांच्या कानांतून गेली नव्हती.

स्टीफन्स यांनी जी ओवी वापरली, ती मराठी संतकवींची ओवी आहे. एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते. म्हणजे स्टीफन्स मराठी शिकत होते, तेव्हा या छंदाची परंपरा भरात होती. स्वर्गासाठी 'वैकुंठ' यासारखे हिंदू धर्मपरंपरेतील शब्द त्यांनी मोकळेपणाने वापरले. प्रारंभी मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ओव्या आहेत. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांतून त्या अनेक पिढ्यांच्या परिचयाच्या झाल्या असून पुष्कळ वाचकांना ख्रिस्तपुराण तेवढ्यापुरतेच माहीत असते. वास्तविक त्या ओव्या म्हणजे एका मोठ्या कथाकाव्याचा उंबरठा आहे.

ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी भाषेविषयी स्पष्ट खुलासा केला आहे. रचना मराठीत आहे. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळणार नाही, म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून 'ब्राह्मण भाषे'तील, म्हणजे आजच्या नावाने कोकणीतील, सोपे शब्द मिसळले आहेत, असा त्याचा आशय आहे. ख्रिस्तपुराण मराठीचे की कोकणीचे, या वादात दोन्ही बाजूंना आधार देणारी ही प्रस्तावना आहे. तरीही काव्याची मूळ भाषा मराठी आहे, हे लेखकाने स्वतःच सांगितलेले असल्याने त्याबद्दल शंका घेण्यास फारसा वाव राहत नाही.

=== छपाई आणि लिपी ===
ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या आवृत्तीचे नाव पोर्तुगीज असून त्याचा अर्थ 'आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे प्रवचन' असा होतो. 'पुराण' हे नाव नंतरच्या आवृत्त्यांना मिळाले. १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

रोमन लिपी ही स्टीफन्स यांची पहिली पसंती नव्हती. ५ डिसेंबर १६०८ रोजी संघाचे सर्वाधिकारी क्लाउदिओ आक्वाव्हिव्हा (कुंकळ्ळीला मारले गेलेल्या रुदोल्फो यांचे चुलते) यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मलबारप्रमाणे येथेही देशी भाषेची पुस्तके देशी लिपीत छापली जावीत, अशी आपली जुनी इच्छा कळवली. अडचण अशी होती, की युरोपीय लिपीला २४ अक्षरांचे ठसे पुरत. येथे अक्षर, मात्रा आणि जोडाक्षरे धरून सुमारे ६०० ठसे पाडावे लागले असते. शिवाय वरिष्ठांची आज्ञा हवी होती. हे काम झाले नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास या एका नकारामुळे किती लांबणीवर पडला, याचा अंदाज बांधायचा तर देवनागरी मुद्रण महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकातच रुजले, हे आठवावे.

रोमन लिपीत मराठी लिहिताना मूर्धन्य वर्णांसाठी रोमन व्यंजन दोनदा लिहिण्याची पद्धत त्यांनी वापरली. उदाहरणार्थ, 'पुराण' शब्दातील 'ण' दाखवण्यासाठी 'न'चे रोमन अक्षर दोन वेळा येते. ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. पण नकलाकार एखादे अक्षर गाळू लागले, की 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होण्यास वेळ लागत नसे. पुढील संपादकांची निम्मी डोकेदुखी येथूनच सुरू होते.

== कोकणीविषयक ग्रंथ ==
'दौत्रीना क्रिस्तां' हे पुस्तक स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, रायतूर येथे छापले गेले. गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून ख्रिस्ती धर्माची मूलतत्त्वे सांगणारे हे पुस्तक मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकावर आधारलेले आहे. उपलब्ध असलेले कोकणीतील सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणून त्याचे महत्त्व आहे. मारियानो साल्ढाणा यांनी १९४५ मध्ये लिस्बन येथे त्याची छायाचित्रित आवृत्ती प्रसिद्ध केली.

व्याकरणाचा ग्रंथ १६४० मध्ये निघाला. तो स्टीफन्स यांनी रचला. पण दियोगु रिबैरू यांनी आणि संघाच्या अन्य पाद्रींनी त्यात भर घालून तो सुधारला, असे मुखपृष्ठावरच नमूद आहे. आधुनिक भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण असे त्याचे वर्णन सामान्यतः केले जाते. १८५७ मध्ये पोर्तुगीज अधिकारी कुन्य रिव्हार यांनी नव्या गोव्यात (पणजी) त्याची दुसरी आवृत्ती काढली. मूळ लेखकाच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी छापलेल्या या ग्रंथातील कोणते नियम स्टीफन्स यांचे आणि कोणते रिबैरू यांचे, हे वेगळे करणे कठीण आहे.

== हस्तलिखितांचा प्रवास ==
१६८४ मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्कू द ताव्होरा याने हुकूम काढून गोव्यातील ख्रिस्ती लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मावले. हुकूम तंतोतंत अमलात आला नाही. तथापि देशी भाषांतील पुस्तकांना असलेला धर्मसत्तेचा पाठिंबा संपला. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत पुढे अभ्यासकांच्या हाती लागली नाही.

काव्य टिकले ते हातांनी केलेल्या नकलांमुळे. गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या कॅथलिक कुटुंबांनी या नकला बरोबर नेल्या, जपल्या आणि वाचल्या. तेथील लोकांची बोली कोकणी, प्रांतभाषा कन्नड व तुळू. पुराणाची भाषा मात्र मराठी. अशाच रोमन हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ख्रिस्तपुराण पुन्हा छापले. इंग्रजी चरित्र, सारांश आणि शब्दकोश जोडलेल्या या आवृत्तीमुळे अडीच शतकांनंतर ग्रंथ आणि ग्रंथकार यांची गाठ वाचकांसमोर पुन्हा बांधली गेली.

१९२० च्या दशकात अमेरिकन मिशनरी आणि मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांना लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज या संस्थेतील विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात देवनागरीतील हस्तलिखिते आढळली. 'आदिपुराण' आणि 'देवपुराण' या नावांनी नोंदलेली ही हस्तलिखिते म्हणजे ख्रिस्तपुराणाचेच दोन भाग होते. नावे वेगळी असल्याने आणि लिपीही वेगळी असल्याने तोवर ही ओळख पटली नव्हती. रोमन प्रतींत पोर्तुगीज शब्द आहेत, अशा अनेक ठिकाणी मार्सडेन प्रतीत संस्कृत शब्द येतात. ॲबट यांनी हीच मूळ संहिता मानली: स्टीफन्स यांनी देवनागरीत लिहिले आणि छपाईच्या अडचणीमुळे ते रोमनमध्ये उतरवले गेले. याउलट, रोमन छापील ग्रंथावरून नंतर कोणीतरी देवनागरी प्रत तयार करून परके शब्द बदलले असावेत, असे अन्य अभ्यासकांचे मत आहे. १६०८ चे पत्र पहिल्या मताला बळ देते, पण निर्णय देत नाही. देशी लिपीत छापण्याची इच्छा असणे आणि हीच प्रत मूळ असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यातून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि महाराष्ट्रातील सर्वसाधारण वाचकाला संपूर्ण ग्रंथ प्रथमच स्वतःच्या लिपीत वाचता आला. त्यानंतर कारिदाद द्रागो आणि नेल्सन फलकाव यांच्या आवृत्त्या निघाल्या. फलकाव यांनी इंग्रजी भाषांतरही केले.

== ग्रंथसूचींतील नोंद ==
ग्रंथालयांच्या सूची आणि संगणकीय ज्ञानसंच यांत लेखक व ग्रंथ यांची जोडणी करताना स्टीफन्स यांचे उदाहरण अवघड ठरते. सर्व नामरूपे एकाच व्यक्तीच्या नोंदीखाली आणणे ही पहिली पायरी. अन्यथा पुराण 'स्टीफन्स' यांच्याकडे, व्याकरण 'इश्तेव्हांव' यांच्याकडे आणि चरित्रात्मक माहिती 'बुस्टन' यांच्याकडे राहते. इश्तेव्हांव द क्रूझ यांची नोंद मात्र निक्षून वेगळी ठेवावी लागते.

त्यानंतर काव्य, त्याची आवृत्ती आणि हस्तलिखित यांच्या नोंदी स्वतंत्र असाव्या लागतात. १९०७ हे साल साल्ढाणा यांच्या आवृत्तीचे आहे, ख्रिस्तपुराणाचे नव्हे. आणि १६१६ हे साल आज कोणी पाहिलेली नाही अशा पुस्तकाचे आहे. मार्सडेन हस्तलिखित ख्रिस्तपुराणाशी जोडणे योग्य आहे, पण त्याला 'मूळ प्रत' म्हणणे हा वादग्रस्त निष्कर्ष आहे. व्याकरणाच्या नोंदीत रिबैरू यांचे नाव संस्कारक म्हणून येणे आवश्यक आहे, आणि 'दौत्रीना क्रिस्तां'च्या नोंदीत मार्कुश जॉर्ज यांचे आधारग्रंथाचे लेखक म्हणून.

गोव्यातील पर्वरी येथे कोकणी भाषेच्या अभ्यासासाठी असलेली 'थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र' ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.